सवतीच्या हातची गोळी

सोनपेठच्या वाणी गल्लीत दोन चुलींचं एक घर होतं. माळवद एक, दार एक, आड एक. पण सकाळी धूर दोन ठिकाणांहून निघायचा. पुढच्या अंगाची चूल बसम्माची, परसाकडची शांतम्माची. दोघी एकाच माणसाच्या बायका. तो माणूस, वीरुपाक्षप्पा, जाऊन चार पावसाळे उलटले होते, तरी दोघींचं वैर काही त्याच्याबरोबर मातीत गेलं नव्हतं. उलट मधे पडणारं कुणी उरलं नाही म्हणून ते मोकाट सुटलं होतं.

शांतम्मा बोरी गावची. बसम्माला उमादेवी ही एकच लेक, पुढं कूस उजवेना, आणि किराण्याच्या दुकानाला वारस पाहिजे, म्हणून वीरुपाक्षप्पांनी ही दुसरी केली. नवी नवरी दारात आली तेव्हा बसम्मा भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण तिनं ओवाळला नाही. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आनलीत? ठेवा मग तिकडं बाजूला." जणू बाजारातून गुळाची ढेप आली होती.

शांतम्माही काही गरीब गाय नव्हती. वर्षाच्या आत तिनं नवऱ्याचं ताट आपल्या चुलीकडं ओढलं, कोठीची किल्ली आपल्या कमरेला लावली आणि सवतीच्या प्रत्येक शब्दाला दीड शब्द परत करायला शिकली. पुढं तिला मुलगा झाला. दीड वर्षाचा होऊन तापानं गेला. त्या दिवशी गल्ली गोळा झाली होती, शांतम्मा भिंतीला डोकं आपटत होती, आणि बसम्मा उंबऱ्यातून म्हणाली, "उसनं आनलेलं टिकत नसतंय."

हे वाक्य तिथं बसलेल्या बायांनाही सोसलं नाही. त्यानंतर शांतम्मा सवतीशी अगदी गरजेपुरतंच बोलू लागली, आणि जे बोलायची ते धार लावूनच.

बसम्माचं दुखणं पायापासून सुरू झालं. संध्याकाळी पाऊल सुजायचं, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मग पोटऱ्या सुजल्या. मग आडवं पडलं की दम लागायला लागला. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. वैदूनं काढे दिले, मठातल्या स्वामींनी अंगारा दिला. एका बाजारच्या दिवशी भर दुपारी ती आडापाशी खाली बसली ती उठेचना. ओठ निळे पडले, छातीत मांजरासारखी घरघर. कामाला येणारी बायनाबाई ओरडत बाहेर पळाली. शांतम्मा आपल्या चुलीपाशी बसून ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं मळणं थांबवलं नाही. हे तिनं पुढं स्वतः सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही.

जावई बसवंतराव गंगाखेडचा, कापसाचा व्यापारी. तो उमादेवीला आणि तिथल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर व्यंकटरावांना दमणीत घालून घेऊन आला. डॉक्टर हैदराबादेत शिकलेला, शांत स्वभावाचा तरुण माणूस. तिकडं जर्मनची लढाई चालू होती, विलायती औषध सोन्यासारखं मिळायचं. तरी त्यांनी पेटीतून एक बाटली काढली आणि थेंब मोजायला घेतले. बसम्मानं वास घेतला आणि पेला दूर सारला.

"दारू हाय ह्याच्यात."

"औषध मुरायला अर्क लागतो, अम्मा. थेंबभर आहे."

"गळ्यात लिंग हाय माज्या. थेंबभर दारू अन् घागरभर दारू, आमाला सारकीच."

दम लागून तिला दोन शब्द नीट बोलता येत नव्हते, पण ती हटली नाही. डॉक्टरांनी वाद घातला नाही. बाटली ठेवून त्यांनी तेच औषध गोळीत असलेली डबी काढली. वाळवलेल्या पानांची भुकटी दाबून केलेल्या बारीक हिरवट गोळ्या. नाव डिजिटॅलिस. ते कुणाच्या जिभेला वळलं नाही. घरात तिला 'पानाची गोळी' हेच नाव पडलं.

"करतंय काय हे औषध?" बसवंतरावानं विचारलं.

"मोट पाहिलीत ना चालताना?" डॉक्टर म्हणाले. "बैल उधळून धावेवर पळत सुटले तर मोट विहिरीत नीट बुडतच नाही. अर्धी रिकामी वर येते. बैल फेसाटतात आणि पाटाला पाणी काही लागत नाही. ह्यांच्या काळजाचं तसं झालंय. धावतंय फार, ओढतंय थोडं. म्हणून पाणी पायात आणि छातीत साचतंय. ही गोळी बैलांना चाबूक मारत नाही, कासरा आवळते. चाल मंद झाली की मोट भरून वर येते." मग त्यांनी सगळ्यांकडं नीट बघून पुढचं सांगितलं. "पण कासरा फार आवळला तर बैल जागीच बसतो, मग उठत नाही. हे औषध अंगात साचत जातं, लवकर निघत नाही. म्हणून रोज देण्याआधी नाडी मोजायची. मिनिटाला साठाच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही. अन्नावरची वासना उडाली, मळमळलं, उलटी झाली, पिवळं दिसायला लागलं, तर बंद करायची आणि मला बोलवायचं. आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. लोणचं, पापड, काही नाही. हे सगळं रोज कोण बघणार?"

"मी न्हेते की अव्वाला गंगाखेडला," उमादेवी डोळे पुसत म्हणाली.

"लेकीच्या दारात मरायला मी बेवारशी हाय का?" बसम्मानं तिला तोडलं. मग तिनं हात उचलला आणि परसाकडच्या दाराशी पाठ करून उभ्या असलेल्या शांतम्माकडं बोट केलं. "तिला शिकवा."

बसवंतराव पुढं झाला.

"मामी, सवतीच्या हातात औषध देता?" बसवंतराव म्हणाला. सासूला तो मामी म्हणायचा.

"तुमी सगळे मला जीव लावता," बसम्मा थांबत थांबत म्हणाली. "जीव लावणारं मानूस विसरतंय. लाड करतंय. हिचं तसं न्हाई. हिला मी मेलेली पायजे हाय, हे गावातल्या कुत्र्यालासुदिक ठावं हाय. माजं पोट दुकलं तरी लोक हिच्याकडंच बगत्यात. म्हनून ही चुकनार न्हाई. भ्यानं चुकनार न्हाई."

शांतम्मा वळली. "अन् मी न्हाई म्हनले तर? मी तुमची बटीक हाय का, अक्का?"

"न्हाई म्हन की. मी मेले तर लोक म्हनतील, बगत बसली अन् मारली. दिलंस अन् मेले, तर म्हनतील इख घालून मारली. मला जगवलंस तरच तू सुटतीस."

शांतम्माच्या अंगाचा नुसता जाळ झाला. पण ह्या बोलण्याला कुठं फट सापडेना. ती डॉक्टरांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "दावा, कुटं धरायची नाडी."

नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ पाहिजे. ते घरात एकच होतं, वीरुपाक्षप्पांचं खिशातलं, आणि ते गेल्यापासून बसम्माच्या पेटीत कुलपात. शांतम्मानं ते एकदा मागितलं होतं, तेव्हा चार दिवस भांडण पेटलं होतं. आता बसम्मानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, पण घड्याळ हातात दिलं नाही, अंथरुणावर टाकलं.

"बगून झालं की परत."

आणि हे रोजच झालं. सकाळी बसम्मा अंघोळ करून, भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजा उरकायची. मग शांतम्मा येऊन समोर बसायची. "हात." एवढा एकच शब्द. बसम्मा मनगट पुढं करायची, तोंड भिंतीकडं. तीन बोटांखाली ती नाडी आधी सैरावैरा पळायची, एक ठोका मोठा, दोन बारीक, मधेच एखादा गडप. शांतम्मा पूर्ण मिनिटभर मोजायची, कारण अशा नाडीला अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोजून झालं की गोळी, वर घोटभर पाणी, आणि तोंड उघडून दाखवल्याशिवाय ती उठायची नाही.

"जनावर हाय का मी, दात बगायलीस?"

"जनावराला एवढं बगावं लागत न्हाई. ते गपगुमान गिळतंय."

डॉक्टर पुढच्या आठवड्यात आले आणि त्यांनी पाणी काढायची सुई दिली. ती पाऱ्याच्या औषधाची असते हे बसम्माला कळलं तेव्हा तिनं मोठा कालवा केला. कमरेला देणं बरं, पण परक्या पुरुषासमोर ती कूस बदलेना. शेवटी दंडात खोल दिली. दुपारपासून रात्र पडेपर्यंत लघवी थांबेना. डॉक्टरांनी ती मापायला सांगितली होती. शांतम्मा पातेलं उचलून उचलून थकली. आयुष्यभर जिच्या सावलीला थुंकली तिचं मूत मापायची पाळी आली होती. नाकाला पदर लावून तिनं मापलं, कारण सुईनंतर नाडीला जास्त जपा असंही डॉक्टर सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशी बसम्माच्या पायांचे घोटे दिसायला लागले. फार दिवसांनी ती तक्क्याला टेकून सलग झोपली.

आता खरं ते सांगायला पाहिजे. शांतम्मानं सेवा केली ती माया फुटली म्हणून नव्हे. डॉक्टरांचा एकेक हुकूम सवतीच्या तोंडचं काहीतरी काढून घेणारा होता, आणि तो अंमलात आणताना तिला गोडी वाटायची. बसम्माची चूल तिनं विझवली. स्वयंपाक परसाकडं एकाच चुलीवर, आणि बसम्माचं सगळं अळणी. अळणी भाकरी, अळणी वरण, अळणी भेंडी. वर शांतम्मा स्वतःचं ताट घेऊन मुद्दाम तिच्या समोर बसायची. ताटात मिठानं चरचरीत केलेला हिरव्या मिरचीचा ठेचा.

"राक्षशीन," बसम्मा म्हणायची.

"डाक्टरला सांगा."

पावसाळा तोंडावर आला तशी नाडी मंद, भरदार झाली होती. एके सकाळी शांतम्मानं मोजली तर ती साठाच्याही खाली. तिनं पुन्हा मोजली. तेच. तिनं डबी बंद केली.

"आज गोळी न्हाई."

"का? इकलीस का?"

"नाडी हळू हाय. डाक्टर काय म्हनलेत ते तुमी बी ऐकलंय."

"मला ठावं हाय तुजं. मला बरं वाटायलंय, ते तुला बगवंना. तुजं सगळंच असं. हातात आलेलं ठेवायचं कुटं ठावं हाय तुला? म्हनूनच म्हनले होते मी त्या दिवशी, उसनं आनलेलं टिकत नसतंय."

शांतम्माच्या कानात नुसतं वारं भरलं. डबी तिच्या मांडीवर होती. सवत स्वतःच्या तोंडानं गोळी मागत होती. एक नाही, दोन द्याव्यात. उद्याही द्याव्यात. बायनाबाई साक्षीला होती की म्हातारीनं हट्टानं मागून घेतल्या. कासरा आवळायचा आणि बैल बसेपर्यंत बघत राहायचं. तिनं डबी उघडली. दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. हिरव्या, करडीच्या दाण्याएवढ्या. बसम्मानं तोंड उघडलं.

शांतम्मानं तिच्या त्या उघड्या तोंडाकडं बघितलं. दात पडलेलं, ओठांना भेगा, गोळीची वाट बघणारं. आणि तिला किळस आली. सवतीची नाही, ह्या सोपेपणाची. एवढी वर्षं जाळलं, त्याचा हिशेब दोन गोळ्यांत मिटवायचा? ती मरून सुटणार आणि आपण मागं राहून गल्लीची बोलणी खाणार? नाही. हिनं जगलं पाहिजे. रोज सकाळी हात पुढं केला पाहिजे. अळणी खाल्लं पाहिजे.

तिनं गोळ्या परत टाकल्या. "तोंड मिटा," ती म्हणाली, "माशी जाईल." आणि उठून गेली. परसात जाऊन मात्र ती आडाच्या कट्ट्याला धरून बराच वेळ उभी राहिली. दोन दिवस तिनं गोळी दिली नाही. नाडी वर आली तेव्हा पुन्हा सुरू केली.

पंचमीला उमादेवी माहेरी आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, आणि अळणी भाकरी बघून तिच्या डोळ्याला धार लागली.

"ह्ये खाया घालायलीस मावशी माज्या अव्वाला? तुरुंगात बी मीठ देत्यात."

बसम्माही तेव्हा लेकराहून लेकरू झाली. "चार दिस सुटी तुला," ती शांतम्माला म्हणाली. "माजी लेक हाय आता." गोळ्यांची डबी उमादेवीनं आईच्या उशाशी ठेवली, घड्याळ पेटीत गेलं, पुढची चूल पुन्हा पेटली.

शांतम्मानं एकदाच सांगितलं, "नाडी बगितल्याबिगर देऊ नको."

"मला नको शिकवूस. आई हाय ती माजी."

"मग मर," शांतम्मा म्हणाली, आणि आपल्या चुलीपाशी जाऊन बसली. पुढच्या अंगाहून तळलेल्या पापडाचा वास यायचा. आंब्याचं लोणचं आलं, सांडगे आले, कढीबरोबर तिखटमीठ शिंपडलेल्या कुरडया आल्या. बसम्मा खाऊन हसायची. पाच-सहा दिवसांत पाय पुन्हा सुजले, दम भरला. उमादेवी घाबरली. एवढीशी गोळी, तिनं काय होणार? तिनं सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक द्यायला सुरुवात केली. आईचा जीव वर यावा म्हणून. तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं ते वैरिणीला.

मग बसम्मानं जेवण सोडलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. उमादेवीला वाटलं, कुरडया बाधल्या.

शांतम्मा आडावर कळशी भरत होती तेव्हा तिला पुढच्या अंगाहून बसम्माचा आवाज ऐकू आला. ती पूजेला बसली होती. "उमे, भस्म कुनी बदललं? हळद कालवलीस का ह्याच्यात?"

"न्हाई अव्वा, पांढरं हाय की."

"पिवळं हाय. लिंगावरचं बी पिवळं दिसायलंय."

कळशी शांतम्माच्या हातून आडात सुटली. ती तशीच ओल्या पायांनी आत शिरली, उमादेवीला खांद्यानं बाजूला ढकललं आणि बसम्माचं मनगट धरलं. घड्याळाची गरजच नव्हती. एक ठोका, आणि मग इतकी मोठी शांतता की आता दुसरा येतो की नाही ते कळेना. "डबी कुटं हाय?" तिनं उशाखाली हात घालून डबी ओढली आणि पदराला गाठ मारून बांधली.

"डबी का लपवायलीस?" उमादेवी किंचाळली. "इख घातलंस तू! तुज्याच हातच्या गोळ्या हायत त्या! आगं बायांनो, या गं, माज्या अव्वाला मारली हिनं!"

गल्ली भरली. बायनाबाईचा नवरा आश्रुबा छकडा हाकायचा, त्याला बोलावून शांतम्मा म्हणाली, "गंगाखेडला जा. डाक्टरला म्हनावं, पिवळं दिसायलंय, अन् नाडी बसायलीय." मग ती बसम्माच्या दाराशी ठाण मांडून बसली. उमादेवीला तिनं आईला पाणी पाजू दिलं, दुसरं काही तोंडात घालू दिलं नाही. बाया उंबऱ्यातून बोट दाखवून बोलत होत्या, "डबी बगा कशी कवटाळून बसली. पुरावा हाय त्यो." एकीनं मूठभर माती तिच्या अंगावर फेकली. ती तिनं झाडलीही नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. बसवंतराव संगतीनंच होता, आश्रुबाकडून गल्लीतला बोभाटा ऐकून आलेला, आणि दारातूनच गरजला, "ठाण्यावर अमीनसायबाच्या कानावर घालून आलोय मी. शिपाई येतील. काढ ती डबी."

शांतम्मानं गाठ सोडली आणि डबी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी बसम्माची छाती ऐकली, डोळे बघितले, पाय दाबले, डबी हलवून बघितली. मग ते मागं सरकून बसले.

"विष नाही. गोळ्या जास्त गेल्यात. कुणी दिल्या?"

उमादेवीचं तोंड राखेसारखं झालं. तिला आत्ता कळलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. बसवंतराव शांतम्मावर डोळे रोखून होता. शांतम्मानं तोंड उघडलं, "हिनं..."

"मी घेतल्या," बसम्मा म्हणाली.

आवाज खोल गेला होता, पण सगळ्यांनी ऐकला.

"डबी उशाला होती. दम लागला की मीच एक खायचे. कुनाला सांगितलं न्हाई. उमीनं दिल्या न्हाईत. हिनं बी न्हाई."

डॉक्टरांनी उमादेवीकडं एकदा बघितलं, पण पुढं विचारलं नाही. "मग बसवंतराव, अमीनसाहेबांना काय सांगायचं?"

बसवंतरावानं टोपी काढून पुन्हा घातली. "कायी न्हाई," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गोळी पूर्ण बंद केली. अंगात साचलेलं औषध आपोआप उतरेपर्यंत दिवसातून दोनदा नाडी बघायची, एकटीला उठू द्यायचं नाही, नाडी वर येऊन भूक लागली की मगच पुन्हा, तीही अर्धी. हे सगळं त्यांनी शांतम्माला सांगितलं. उमादेवी तिथंच बसली होती, तरी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर परत गेली. जाताना मावशीशी बोलली नाही. लोणच्याची बरणी मात्र काखेत घेऊन गेली.

आठवड्यानं बसम्माला भस्म पुन्हा पांढरं दिसलं. त्या सकाळी शांतम्मानं नाडी मोजून हात खाली ठेवला आणि विचारलं, "खरं का न्हाई सांगितलं?"

"कंचं खरं?"

"उमीनं दिल्या. मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. तुमी मेला असता तर मी फाशी गेले असते. अजून गल्लीतल्या बाया माज्या आडाचं पानी पीत न्हाईत."

बसम्मा तिच्याकडं न बघता म्हणाली, "माजी लेक हाय ती. तिला तिच्या सासरी नांदायचंय. तू कोन हायस माजी?"

"कुनीच न्हाई."

"मग? तुला तुरुंगात धाडलं असतं तर माजी नाडी कुनी बगितली असती? तेवढ्यापुरतं वाचवलं. उपकार मानू नको, मी बी मानत न्हाई."

शांतम्मानं त्या दिवशी भाकरी केली नाही. दोघी उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा समोर येऊन बसली आणि म्हणाली, "हात."

बसम्मा त्यानंतर दोन हिवाळे काढून गेली. तेवढं कुणाला वाटलं नव्हतं. मधे दोनदा सुई झाली, एकदा महिनाभर गोळ्याच मिळाल्या नाहीत. दोघी एकमेकींना शिव्या देत राहिल्या. शेवटी एका सकाळी शांतम्मानं नाडी धरली आणि ती बोटांखालीच विझली. तिनं लगेच कुणाला हाक मारली नाही. मिनिटभर, घड्याळ बघत, तशीच धरून बसली.

लिंगायतांच्या रीतीनं बसम्माला बसवून पुरलं. माती वाळायच्या आत उमादेवीनं आईच्या हिश्शाचं घर मागितलं, आणि बसम्मा तोंडी तिलाच देऊन गेली होती असं मठातल्या स्वामींनी सांगितलं. शांतम्मासाठी तिनं एक शब्द ठेवला नव्हता. अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. आड उमादेवीकडं गेला.

उरलेल्या पानाच्या गोळ्या उमादेवी गोदागंगेत टाकायला निघाली होती. शांतम्मानं त्या हिसकावून घेतल्या. लढाईच्या दिवसांतलं औषध, ते पाण्यात घालवायला तिचं मन होईना. आश्रुबाच्या छकड्यात बसून ती गंगाखेडला गेली आणि दवाखान्याच्या ओसरीवर डॉक्टरांची वाट बघत बसली. शेजारी एक बाई सुजलेल्या नवऱ्याला टेकवून बसली होती आणि फडक्यातून भजी काढून त्याला भरवत होती. बाजारची, गरम, मिठानं माखलेली.

"काय चारायलीस त्याला?" शांतम्मा खेकसली.

"भज्या हायत. दोन दिस झाले जेवले न्हाईत वो."

"ठेव खाली. मारायलीस का नवऱ्याला?"

"तुमी कोन मला सांगनार?" ती बाई उसळली.

शांतम्मानं फडकं उचलून ओसरीखाली कुत्र्याला टाकलं. बाईनं मोठ्यानं गळा काढला, लोक जमले, डॉक्टर आतून धावत आले. काय झालं ते ऐकून त्यांनी त्या बाईला आत नेलं आणि शांतम्माला थांबायला सांगितलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, बायका पुरुषाला मनगट धरू देत नाहीत, इथं राहता का? शांतम्मानं विचार करायला वेळ घेतला नाही. सोनपेठला तिचं भिंतीशिवाय काही उरलं नव्हतं.

ती त्या दवाखान्यात पुष्कळ वर्षं राहिली. निजामाचं राज्य गेलं, डॉक्टर बदलून गेले, दुसरे आले. रोगी तिला भ्यायचे, नातेवाईक तिला शिव्या द्यायचे, भाकरीचं गाठोडं आत न्यायच्या आधी ती सोडून हुंगायची. तिनं कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला असं कुणाला आठवत नाही. एका म्हाताऱ्यानं एकदा बरा होऊन जाताना तिच्या पाया पडायला वाकून, "माय, तुज्यामुळं वाचलो," असं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "वाकू नको, चक्कर येईल. अन् घरी जाऊन मीठ खाल्लंस तर हितं परत येऊ नको."